दगडपात चाचण्या

कड्यावरून सुटलेला धोंडा किती वेगाने येतो, किती उसळतो, कुठे वळतो आणि कुठे थांबतो, हे मोजण्यासाठी खऱ्या उतारावर मुद्दाम दगड सोडून केलेले प्रयोग. धोक्याचा अंदाज देणारी संगणकीय मॉडेल खरी उतरतात का, ते यावरून पडताळतात. बोलताना आपण चिखलासह खचलेल्या डोंगरालाही दरड म्हणतो आणि एकट्या गडगडत आलेल्या धोंड्यालाही. या नोंदीत विचार एकट्या धोंड्याचा आहे.

नाशिककरांना हा विषय सांगताना वणीच्या सप्तशृंग गडाचे उदाहरण पुरते. देवीची मूर्ती कड्यातच कोरलेली, डोक्यावर उभा कातळ आणि पायथ्याला पायऱ्या, दुकाने, वस्ती. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामधले तांबडे, मऊ थर पावसाने लवकर झिजतात, मग वरचा भेगाळलेला कठीण कातळ अधांतरी राहतो आणि कधीतरी सुटतो. या मंदिर परिसरातील दगडपाताचा मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. गडावर दगड अडवणाऱ्या जाळ्याही उभ्या राहिल्या आहेत.

जाळी किती उंच हवी, हा प्रश्न शेवटी एका आकड्यावर येतो. साध्या मॉडेलमध्ये दगड म्हणजे एक बिंदू असतो, आणि जमिनीवर आपटल्यावर त्याचा किती वेग शिल्लक राहतो हे ‘उसळीचा गुणांक’ ठरवतो. दहा मीटरवरून सरळ खाली पडलेल्या दगडासाठी गुणांक 0.3 धरला तर उसळी 0.9 मीटर येते, 0.4 धरला तर 1.6 मीटर. दशांशाच्या एका घराने उसळी पावणेदोन पट झाली! पुस्तकातल्या तक्त्यांतले असे गुणांक ज्या उतारांवरून काढलेले असतात, ते आपल्या डोंगराचे असतीलच असे नाही. चाचणीची गरज इथे पडते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात संशोधक रिची यांनी महामार्गाकडेच्या उतारांवरून दगड सोडून 1963 मध्ये निष्कर्ष मांडले. दगड कुठे मोकळा पडतो, कुठे उसळतो आणि कुठे लोळतो हे मुख्यतः उताराच्या कोनावर ठरते, असे त्यांना दिसले. रस्त्याकडेचा चर किती रुंद, किती खोल असावा याचे कोष्टक त्यातून निघाले. शेजारच्या ओरेगॉन राज्यात पुढे 12, 18 आणि 24 मीटर उंचीच्या उतारांवरून सुमारे 11,250 दगड सोडले गेले. त्यावर आधारलेली मार्गदर्शिका 2001 ची. फ्रान्समध्ये व्होजानी येथे उघड्या उतारावर 100 आणि झाडीच्या उतारावर 102 दगड सोडून जंगल दगडाला कितपत अडवते हे तपासले गेले.

सर्वांत बारकाईचे काम स्वित्झर्लंडचे. डाव्होसजवळ फ्लुएला खिंडीतील चांट सुरा येथे सळया घातलेल्या काँक्रीटचे दगड सोडतात, काही घनासारखे तर काही चाकासारखे चपटे. सर्वांत जड 2,670 किलोचा. आत बसवलेली संवेदके प्रवेग आणि फिरकी नोंदवतात, बाहेरून कॅमेरे मार्ग टिपतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आडवा फैलाव दगडाच्या वजनापेक्षा आकारावर अधिक अवलंबून असतो. चाकासारखा दगड कडेवर उभा राहिला की बाजूला भटकतो. घनाकार तुलनेने सरळ येतो. दगडाला बिंदू मानणाऱ्या मॉडेलला हे दिसणारच नाही.

पडताळणीत एक फसगत हमखास होते. दगड थांबण्याची जागा जुळली म्हणजे मॉडेल बरोबर, असे वाटते. पण उसळीचा गुणांक जास्त धरला आणि जमिनीचे घर्षणही जास्त धरले, तरी दोन चुका एकमेकींना झाकतात आणि थांबण्याची जागा जुळून येते. म्हणून वाटेतला वेग, उसळीची उंची आणि फिरकीही जुळावी लागते. काही दगडांवर गुणांक बसवून उरलेल्या दगडांचा अंदाज आधी लिहून ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग.

सह्याद्रीत जमीन ऋतूप्रमाणे बदलते, हीही अडचण. वैशाखात कडक असलेला मुरूम श्रावणात भिजून मऊ होतो आणि आपटणाऱ्या दगडाचा जोर गिळतो. उघड्या कातळावर मात्र ऋतूचा फरक थोडाच. दगड सुटतात बहुधा पावसात, तर चाचणीला सोयीची असते कोरडी हवा. त्यामुळे उन्हाळ्यातले गुणांक पावसाळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कसारा–इगतपुरी रेल्वेघाटात पावसाळ्याआधी सैल धोंडे हेरून पाडतात. पाडण्यापूर्वी धोंड्याची लांबी, रुंदी, जाडी मोजली, समोर दोन कॅमेरे लावले आणि थांबल्या जागी खूण केली, तर ती चाचणीच ठरते. मात्र बेसॉल्ट आपटताच भेगांवरून फुटतो, आणि प्रत्येक तुकड्याची वाट वेगळी नोंदवावी लागते. काँक्रीटचा दगड वापरण्यामागे हेही एक कारण आहे: तो सहसा फुटत नाही, आणि तोच पुन्हा वर नेऊन सोडता येतो.