कृष्ण अय्यर आणि बहारुल इस्लाम एका माळेचे मणी नव्हेत

न्यायालय आणि राजकारण हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणणार, ‘पूर्वीही खासदार न्यायमूर्ती व्हायचेच की! कृष्ण अय्यर झाले, बहारुल इस्लाम झाले.’ दोघंही पुढं सर्वोच्च न्यायालयात पोचले. पण आधी किरकोळ दुरुस्ती. अय्यर खासदार कधीच नव्हते, ते आमदार. १९५२ मध्ये मद्रासच्या विधानसभेत, १९५७ मध्ये केरळच्या, आणि नंबूदिरिपाद सरकारात मंत्री. खासदार होते ते इस्लाम, काँग्रेसचे, राज्यसभेत.

अय्यरांचं पुढचं सगळ्यांना पाठ असतं: २४ जून १९७५, इंदिराबाईंची निवडणूक रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दिलेली सशर्त स्थगिती, दुसऱ्या रात्री आणीबाणी.

लोक घसरतात ते ‘दोघंही राजकारणातूनच आले ना, मग फरक काय’ इथं. अहो, कुठून आले यापेक्षा परत कुठं गेले ते बघा. अय्यर १९६५ची निवडणूक हरले, पुन्हा काळा कोट चढवून वकिलीला लागले आणि १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मध्ये तीन वर्षं गेली. इस्लाम यांनी १९७२ मध्ये राज्यसभा सोडली आणि त्याच वर्षी ते गुवाहाटी उच्च न्यायालयात बसले. १९८० मध्ये तिथून निवृत्त झाले, तर डिसेंबरात थेट सर्वोच्च न्यायालयात!

आता तारखा बघा. डिसेंबर १९८२: बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा पाटण्याच्या सहकारी बँकेचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयात दोन विरुद्ध एक अशी मान्यता मिळाली. त्या दोघांतले एक इस्लाम. विरोधात एकटे तुळजापूरकर (आपला माणूस, पण नाव कुणी काढत नाही). जानेवारी १९८३: निवृत्ती तोंडावर असताना इस्लाम यांचा राजीनामा. कशासाठी? काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेला उभं राहायला. पुढं पक्षानं त्यांना पुन्हा राज्यसभेत पाठवलं.

‘अय्यरही १९८७ मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे राहिलेच की!’ राहिले, आणि ते मलाही फारसं रुचलेलं नाही. पण तेव्हा निवृत्तीला जवळजवळ सात वर्षं झाली होती, आणि उमेदवारी विरोधकांची होती. पडलेच.