खंबायतच्या आखातातील प्राणिप्लवक : अभ्यासाची पार्श्वभूमी

बडोद्याला समुद्र नाही, तरी सागरी जीवांच्या अभ्यासातला एक जुना दुवा या शहराशी जोडलेला आहे. सौराष्ट्राच्या टोकाचे ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात असल्यामुळे बडोदे सरकारने सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तेथील सागरी प्राण्यांची पाहणी करवून घेतली आणि तिचे अहवाल १९०९ व १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पाहणीतून कोणता प्राणी कोठे आढळतो हे कळते; प्राणिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे बहुधा बारीक प्राणी, कोणत्या ऋतूत वाढतात आणि केव्हा नाहीसे होतात, हे जाणण्यासाठी मात्र एकाच ठिकाणी वर्षभर पुन्हा पुन्हा बारीक छिद्रांची जाळी ओढावी लागते. भारताच्या किनाऱ्यावर अशा कामाला खरे बळ मिळाले ते १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे.

कोची आणि गोव्याच्या खाड्यांतून जे चित्र पुढे आले, त्याच्या मुळाशी क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, आहे. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत भरले की खाऱ्या पाण्यातील कोपेपॉड हे बारीक कवचधारी प्राणी मुखाकडे ढकलले जातात आणि वरच्या भागात गोड्या पाण्यातील रोटिफर व क्लॅडोसेरा हे सूक्ष्म प्राणी दिसू लागतात. दिवाळीनंतर खारेपणा वाढत जातो तसतशा सागरी जाती पुन्हा आत सरकतात.

गुजरातमधील खंबायतच्या आखातात हे चित्र इतके सरळ राहत नाही. येथे उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या आसपास जातो. पाणी इतके गढूळ असते की प्रकाश फार खोल पोहोचत नाही, वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ अडते आणि अनेक प्राण्यांना कुजक्या सेंद्रिय कणांवरही भागवावे लागते. सहा तासांत एकाच जागी वेगळेच पाणी येत असल्यामुळे भरतीची वेळ आणि क्षारता न नोंदवता घेतलेल्या नमुन्यावरून ऋतूचा निष्कर्ष काढणे, माझ्या मते, धोक्याचे आहे. बाजारात सुकवून विकला जाणारा जवळाही येथे विपुल आहे. तो पोहतो, पण जोरदार प्रवाहापुढे त्याचे फारसे चालत नाही, म्हणून त्याला प्लवकांत धरावे की नाही याविषयी वर्गीकरणात एकवाक्यता नाही.

नर्मदेवरील सरदार सरोवरामुळे गोड्या पाण्याची आवक बदलली आहे, आणि भरूचजवळ भाडभूत येथे खारे पाणी अडवण्यासाठी बंधारा योजला आहे. तो पूर्ण झाल्यावर आज मैलोगणती पसरलेला क्षारतेचा उतार तेथे भिंतीपाशी तुटेल. त्यामुळे बंधाऱ्याआधीच्या स्थितीच्या ऋतुवार नोंदी आताच घेऊन ठेवणे आवश्यक आहे.