शेन्झेन: ५९९ मीटर उभे, ४०० मीटर आडवे

दक्षिण चीनमधल्या शेन्झेन शहरात, फुतियान भागात, पिंग आन फायनान्स सेंटर उभे आहे. उंची ५९९ मीटर, मजले ११५, काम पूर्ण झाले २०१७ मध्ये. सेकंदाला १० मीटर वेगाच्या लिफ्टने पाचशे मीटर वर जायला मिनिटभर पुरते. खाली उतरून रस्त्यापलीकडचे दुकान गाठायला मात्र कित्येकदा पाच-सात मिनिटे लागतात. आठ पदरी रस्ता, मधे कुंपण, ओलांडायची सोय फक्त चौकात आणि तिथेही सिग्नलची वाट पाहणे, असा तो हिशेब आहे.

याचा दोष उंचीवर ढकलणे सोपे आहे, पण चुकीचे. सीमेपलीकडच्या हाँगकाँगमध्येही टॉवरांची दाटी आहे आणि तिथले लोक भरपूर चालतात. चालण्याची सोय किंवा गैरसोय ठरते ती इमारतीच्या खालच्या दहा मीटरांत आणि दोन चौकांमधल्या अंतरात. अडचण अशी की उंच इमारत बांधताना अभियंत्याचे जवळजवळ सगळे लक्ष त्या दहा मीटरांच्या वर असते.

ते का, हे समजायला बांधकामच पाहावे लागते. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले तेव्हा या परिसरात तीनेक लाख लोक होते. २०२० च्या जनगणनेत ते १ कोटी ७५ लाखांवर गेले. या घाईचे पहिले प्रतीक म्हणजे १९८५ साली पूर्ण झालेली १६० मीटर उंच, ५३ मजल्यांची गुओमाओ इमारत. तिचा एकेक मजला तीन दिवसांत चढला आणि ‘शेन्झेनचा वेग’ हा शब्दप्रयोग चीनभर झाला. त्यामागे सरकत्या शटरिंगची पद्धत होती. साचा न खोलता जॅकच्या साहाय्याने तासाला साधारण १५ ते ३० सेंटिमीटर वर सरकवत राहायचा आणि वरून काँक्रीट ओतत राहायचे. साचा लवकर उचलला तर ओले काँक्रीट खाली ढासळते. उशीर झाला तर ते साच्याला चिकटते आणि भिंत आडवी फाटते. उन्हाचा पारा बदलला की काँक्रीट घट्ट होण्याची वेळ बदलते, म्हणून मिश्रणही दिवसातून अनेकदा बदलावे लागते.

आजच्या अतिउंच टॉवरांत मधला गाभा, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांभोवतीच्या जाड भिंती, आधी चढतो. बाहेरची पोलादी चौकट त्याच्या काही मजले मागून येते आणि स्लॅब त्याही मागून. इथे एक त्रास हमखास होतो. काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षे थोडे थोडे आखडत राहते, पोलाद त्या मानाने तत्काळ दबून थांबते. गाभा आणि बाहेरचे खांब यांचे आखडणे सारखे नसले की दोघांना जोडणाऱ्या आडव्या पोलादी कैच्यांवर नको तो ताण येतो. म्हणून त्या कैच्यांचे शेवटचे जोड घट्ट करायचे काम मुद्दाम लांबवतात, आणि वरचे मजले नकाशापेक्षा किंचित उंच बांधतात, म्हणजे नंतर दबून ते योग्य पातळीवर येतात.

दुसरा धोका वाळूचा. मार्च २०१३ मध्ये शेन्झेनमध्ये नीट न धुतलेली समुद्री वाळू काँक्रीटमध्ये गेल्याचा संशय आला आणि बांधकाम चालू असलेल्या पिंग आन टॉवरचे काम थांबवले गेले. नमुने मानकांत बसल्यावरच ते पुढे सुरू झाले. काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण आतला अल्कलीपणा (पीएच साडेबाराच्या आसपास) तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर टिकवून धरतो. वाळूतल्या मिठाचा क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, मग काँक्रीट आतून चिरते आणि बाहेरचा थर सुटून पडतो. म्हणून तेव्हाच्या चिनी मानकात सळईच्या काँक्रीटसाठीच्या वाळूत क्लोराइडची मर्यादा वजनाच्या ०.०६ टक्के होती. वाळू गोड्या पाण्याने धुवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि नेमके तेच वाचवायचा मोह असतो. मीठ हवेतही आहेच. या टॉवरच्या बाहेरील अंगाला सुमारे १,७०० टन ३१६एल जातीचे, गंजाला दाद न देणारे स्टेनलेस स्टील वापरले, त्याचे कारण हेच.

मग वारा. पिंग आनचा आकार वर निमुळता आणि कोपरे कापलेले आहेत, त्यामुळे चिनी संहितेने धरलेल्या वाऱ्याच्या भारापेक्षा सुमारे एक तृतीयांश भार कमी झाला. सरळ, एकसारख्या जाडीच्या वस्तूमागे वाऱ्याचे भोवरे आलटून पालटून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात. गोल दांड्यासाठी त्यांची वारंवारता काढायचे सूत्र सोपे आहे: वाऱ्याच्या वेगाला ०.२ ने गुणा, जाडीने भागा. एक मीटर जाडीचा दांडा आणि सेकंदाला १० मीटर वारा असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. हा आकडा दांड्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की साधा वाराही पुरतो. १८ मे २०२१ रोजी शहरातली सेग प्लाझा ही सत्तरहून अधिक मजल्यांची इमारत भूकंप नसताना थरथरली, ती याच कारणाने. तज्ज्ञांच्या अहवालात छतावरच्या मनोऱ्यात भोवऱ्यांमुळे झालेले अनुनादी कंपन आणि अनेक वर्षांच्या वापराने इमारतीच्या कंपनगुणांत पडलेला फरक अशी जोडी कारण म्हणून दिली गेली. मनोरा उतरवला आणि सप्टेंबरमध्ये इमारत पुन्हा उघडली.

त्या दुपारी माणसे धावत बाहेर पडली ती ह्वाछ्यांगपेई या रस्त्यावर. हा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेचा रस्ता मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गाच्या कामासाठी २०१३ पासून बंद होता आणि २०१७ मध्ये पादचाऱ्यांसाठी म्हणून परत उघडला गेला. मोटारींनी भरलेला असता तर त्या गर्दीला मागे सरायला जागाच नव्हती. आपत्कालीन आराखड्यात जिन्यांची रुंदी मोजतात. जिना संपल्यावर माणूस कुठे उभा राहणार, हे मोजणारे कमी.

मोजायला गेले तर अवघड नाही. ऑफिसच्या टॉवरात सकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत एकूण माणसांपैकी साधारण १२ टक्के माणसे येतात, असे धरून लिफ्टची संख्या ठरवतात. टॉवरात १०,००० लोक असतील तर पाच मिनिटांत १,२००, म्हणजे मिनिटाला २४०. मोकळेपणाने चालायचे तर फूटपाथच्या प्रत्येक मीटर रुंदीवरून मिनिटाला तेहेतीसच्या आसपास माणसे जातात. भागाकार केला की सात मीटरहून थोडी जास्त रुंदी लागते, तीही झाडाचे आळे, विजेचा डबा, उभ्या सायकली आणि फूटपाथवरून सुसाट जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर वगळून. इतका रुंद सलग फूटपाथ क्वचितच मिळतो. म्हणून मेट्रोशी थेट भुयारी जोड आणि वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडणारी दोन-तीन दारे ही गरज आहे, चैन नव्हे. एकच भव्य दार ठेवून बाकी तीन बाजूंना पार्किंगचे रॅम्प आणि मालाच्या गाड्यांची फाटके काढली, तर लिफ्टचा सगळा हिशेब दाराशी येऊन अडतो.

पोडियमची, म्हणजे टॉवरच्या पायाशी असलेल्या रुंद, बुटक्या भागाची, गोष्ट जरा पेचाची आहे. रुंद, उंच भिंतीवर आदळणारा वारा साधारण दोन तृतीयांश उंचीच्या खाली आला की भिंतीवरून खाली घसरतो आणि कोपऱ्यांवर जोर धरतो. छत्री उलटी होते ती तिथेच. चार-पाच मजल्यांचा पोडियम हा उतरता झोत आपल्या छतावर झेलतो आणि पादचाऱ्याला वाचवतो. पण तोच पोडियम सगळा भूखंड व्यापून बसला की मधून जायची वाट बंद होते आणि त्यात पार्किंग भरले तर रस्त्याला शंभर-दीडशे मीटर कोरी भिंत मिळते. मुंबईत परळ-वरळीकडे चालणाऱ्यांना ही भिंत ओळखीची असेल. शिवाय शेन्झेन कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला, दमट हवेचे शहर. थंड देशांत पादचाऱ्यांसाठी वारा कमी करणे हेच ध्येय असते. इथे मे ते सप्टेंबर तो थोडा खेळता ठेवावा लागतो. सगळा झोत अडवायचा नाही, फक्त कोपरा सौम्य करायचा.

आता शीर्षकातल्या ४०० मीटरांकडे, म्हणजे दोन चौकांमधल्या अंतराकडे. शेन्झेनचे मोठे भाग अवाढव्य भूखंडांत आखले गेले: भोवती रुंद रस्ते, आत कुंपणबंद वसाहत. चौरस जाळी धरली तर रस्त्यांची घनता काढायला दोनला चौकांमधल्या अंतराने (किलोमीटरमध्ये) भागायचे. ४०० मीटर अंतर असेल तर दर चौरस किलोमीटरला ५ किलोमीटर रस्ता. फेब्रुवारी २०१६ मध्ये चीनच्या केंद्र सरकारने नव्या कुंपणबंद वसाहती नकोत, अरुंद रस्ते आणि दाट जाळे हवे असे धोरण जाहीर केले आणि ८ किलोमीटरचे लक्ष्य ठेवले. म्हणजे चौकांमध्ये सरासरी २५० मीटर. दोन चौकांच्या मध्यावर उभ्या माणसाला रस्त्यापलीकडे बरोबर समोर जायचे असेल तर ४०० मीटरच्या भूखंडात वळसाच ४०० मीटरचा पडतो, १०० मीटरच्या भूखंडात शंभराचा. मोटारीला हा फरक जाणवत नाही, म्हणून तो नकाशावर दिसतही नाही.

आठ पदर म्हणजे सुमारे २८ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालीने २३ सेकंद, पण म्हाताऱ्या माणसाला ३५. सिग्नल तरण्यांच्या चालीने लावलेला असतो. त्यात चीनमध्ये वाहने उजवीकडून चालतात आणि उजवे वळण बहुधा लाल दिव्यातही मोकळे असते. कोपऱ्याचा वाक मोठा ठेवला की गाडी वेग न कमी करताच झेब्रावर येते. कोपऱ्याचा वाक लहान करणे आणि रस्त्याच्या मध्ये थांबायला ओटा देणे, हे दोन स्वस्त उपाय.

फुतियानमध्येच याचे वेगळे उदाहरण आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एसओएम या वास्तुरचना संस्थेने तिथल्या २२ आणि २३-१ क्रमांकाच्या भूखंडांचा आराखडा नव्याने केला. सुटे सुटे टॉवर आणि त्यांभोवतीची हिरवळ बाजूला ठेवून लहान रस्ते आखले, हिरवळ गोळा करून दोन छोट्या बागा केल्या, इमारती रस्त्याला लावल्या आणि तळमजल्यावर ओवऱ्या दिल्या. ग्वांगदोंग प्रांताच्या जुन्या बाजारांत अशा ओवऱ्या असतातच. ऊन आणि पाऊस दोन्ही चुकतात. कमी पडते ते तळमजल्याच्या वापरात: तिथे बँकेची लॉबी आली की ओवरी सलग असूनही रिकामी वाटते.

भरलेला तळमजला पाहायचा तर शहराच्या पोटातल्या गावांत जावे. शहराने शेते घेतली, गावठाण गावकऱ्यांकडे राहिले आणि त्यांनी भाड्यासाठी सहा-आठ मजली इमारती इतक्या जवळ बांधल्या की लोक त्यांना ‘हस्तांदोलन इमारती’ म्हणतात. खाली केशकर्तनालय, भाजी, नूडल्स, चाव्या करणारा, सगळे दोन मिनिटांत. पण या दाटीचे गुणगान करताना त्यातले दुखणे झाकू नये: अग्निशमन गाडी आत शिरत नाही, खालच्या मजल्यांना ऊन नाही, हवा कोंडते. श्वेइवेइ गावात अशा २९ इमारतींत ५०४ भाड्याची घरे नव्याने केली गेली. इमारती पाडल्या नाहीत. लिफ्ट बसवल्या आणि वरच्या पातळीवर पूल टाकून इमारती एकमेकींना जोडल्या. पायाखालची गल्ली तशीच राहिली. बाईशिझोऊ या कितीतरी मोठ्या गावात मात्र पाडकामाचाच मार्ग निवडला गेला.

२०२१ मध्ये केंद्राने उंचीवरच लगाम घातला. ३० लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत १५० मीटरवरच्या इमारतींवर कडक निर्बंध आणि २५० मीटरवर बंदी, मोठ्या शहरांतही २५० मीटरच्या वर कडक निर्बंध, ५०० मीटरवर बंदी. आग आणि खर्च पाहता हे योग्यच आहे. मात्र जितकी ऑफिसे ६०० मीटरच्या एका टॉवरात मावली असती, तितक्यांसाठी आता २४० मीटरचे तीन टॉवर लागतील, आणि त्यांबरोबर तीन पोडियम, तीन पार्किंग रॅम्प आणि मालाच्या गाड्यांची तीन फाटके रस्त्यावर येतील. उंचीच्या नियमात त्यांचा उल्लेख नाही. तीन भूखंडांना मिळून एकच तळघर आणि एकच रॅम्प देता येतो; त्यासाठी भूखंड विकण्यापूर्वीच तशी अट घालावी लागते, कारण पाया खणल्यावर तीन मालकांना एका तळघरात आणणे जवळजवळ अशक्य असते.