कंपायलरला समांतरता कळते कशी?

'सी' या प्रोग्रामिंग भाषेतला एक साधा लूप, म्हणजे तेच काम फेरीफेरीने करणारा तुकडा, घ्या. एका अ‍ॅरेतला (आकड्यांच्या रांगेतला) प्रत्येक आकडा उचलायचा, त्याचा वर्ग करून दुसऱ्या अ‍ॅरेत ठेवायचा. या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणजे त्या एकाच वेळी, समांतर चालवता येतील, हे आपल्याला चटकन दिसतं. प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला मात्र धास्ती असते: दोन्ही पॉइंटर (अ‍ॅरेंचे मेमरीतले पत्ते) मेमरीच्या एकाच तुकड्याकडे बोट दाखवत असतील तर? खात्री पटेपर्यंत तो फेऱ्या एकामागून एकच चालवतो.

हॅस्केलसारख्या शुद्ध फंक्शनल भाषेत (जिथे प्रोग्राम गणितातल्यासारखी फंक्शनं जोडून लिहितात) ही धास्तीच नाही. तिथे एकदा ठरलेली किंमत बदलत नाही. 'मॅप' (प्रत्येक घटकावर तीच क्रिया करा) लिहिलं की प्रत्येक घटकावरचं काम स्वतंत्र, हे गृहीतच असतं. फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी 1977 साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याच शैलीची बाजू मांडली होती.

खरी कसरत यापुढे आहे. समांतरता शोधावी लागत नाही, ती उतू जाते! प्रत्येक बेरजेला वेगळा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) दिला, तर थ्रेड सांभाळण्यातच वेळ जाईल. म्हणून कंपायलर कामं एकत्र करतो. आधी सगळ्यांचा वर्ग आणि मग सगळ्यांत 1 मिळवणं, असे दोन 'मॅप' असतील तर तो त्यांचा एकच करतो. मधली यादी मेमरीत लिहिलीच जात नाही. जीपीयूवर (हजारो कामं एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स चिपवर) मेमरीची ये-जा गणितापेक्षा कितीतरी महाग असल्याने ही बचत मोठी ठरते. आणि असे बदल करणारा कंपायलरही फंक्शनल भाषेत लिहिणं मला सर्वांत योग्य वाटतं: प्रोग्राम म्हणजे शेवटी भागांत भाग असलेलं एक झाड, आणि पॅटर्न मॅचिंगने, म्हणजे रचनेचा आकार ओळखून, 'मॅपच्या आत मॅप दिसला तर हे कर' असा नियम जवळजवळ तसाच्या तसा उतरवता येतो. कोपनहेगनमध्ये घडलेल्या फुथार्क या भाषेचा कंपायलर हॅस्केलमध्येच लिहिला आहे. तो जीपीयूसाठी कोड तयार करतो.

बेरजेपाशी मात्र जपून. तुकडे पाडून समांतर बेरीज करायची तर कंस हवे तसे हलवता आले पाहिजेत. नेहमीच्या 64 बिटी फ्लोटिंग-पॉइंट गणितात (ज्यात अपूर्णांक थोडे गोळाबेरीज होऊन साठवले जातात) (0.1 + 0.2) + 0.3 चं उत्तर 0.6000000000000001 येतं, तर 0.1 + (0.2 + 0.3) चं 0.6. 'रिड्यूस'ला (सगळे घटक जोडत एकच उत्तर काढणाऱ्या फंक्शनला) दिलेली क्रिया कंस हलवल्यावरही तेच उत्तर देते की नाही, हे फुथार्कही तपासत नाही. ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची.