वर्षाचा शब्द वेगळा, वर्षाचं उद्दिष्ट वेगळं

पाडव्याला पंचांग उघडलं की नव्या वर्षाचं नाव कळतं. साठ संवत्सरांच्या चक्रात शके 1947 ‘विश्वावसू’, 1948 ‘पराभव’. ही नावं ठरलेलीच असतात. घराचा शब्द, म्हणजे वर्षभर घरानं धरून चालायचा एक शब्द, मात्र आपण निवडायचा, आणि गोंधळ तिथे होतो. मराठीत ‘शब्द दिला’ म्हणजे वचन दिलं. त्यामुळे ‘यंदाचा शब्द’ म्हटलं की घरच्यांना पाळायचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि शब्दाच्या जागी उद्दिष्ट येऊन बसतं.

‘बचत’ हा शब्द बऱ्याच घरांत सुचतो. माझ्या मते ते आकडा लिहायचं राहून गेलेलं उद्दिष्ट आहे. दरमहा 3000 रुपयांची आरडी, वर्षाचे 36000, असं लिहा म्हणजे झालं. उद्दिष्टाला आकडा लागतो, तारीख लागते, करणाऱ्याचं नाव लागतं. ते पुरं होतं किंवा राहतं.

शब्द पुरा होत नाही. अडलं की त्याला विचारायचं. गेल्या वर्षी आमचा शब्द होता ‘सावकाश’. शाळा, चित्रकला, पोहणं एवढं असताना मुलीला आणखी एक क्लास लावायचा का, यावर आमची दोन संध्याकाळ वादावादी झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “अगं, यंदा सावकाश ना?” क्लास लावला नाही. दोन चांगल्या गोष्टींतली कुठली सोडायची, हे कुठलंच उद्दिष्ट सांगत नाही.

म्हणून शब्द तोंडात बसणारा हवा. ‘सकारात्मकता’ जेवताना कोण म्हणतं? ‘पुरे’, ‘एकत्र’, ‘आधी विचारू’ सहज म्हणतात. शब्द सगळ्यांना पटायला हवा. उद्दिष्टं ज्याची त्याची असू द्यावीत. आठ वर्षांचा मुलगा ‘सायकल शिकणार’ म्हणाला, तर त्याच्या नावापुढे आपण ‘गणितात पहिला’ लिहू नये. हे मला अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं.

उद्दिष्टं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहा आणि साडेतीन मुहूर्तांना तपासा. अक्षय्य तृतीयेला साधारण महिना झालेला असतो, दसऱ्याला अर्धं वर्ष. बलिप्रतिपदेला, जे जमणार नाही ते मोकळ्या मनानं खोडा. शब्दाची जागा वेगळी. आमचा ‘सावकाश’ दाराच्या आत, चपलांच्या वर लावला होता; आमच्या घरातली घाई तिथूनच सुरू होते.