अमेरिकन राजकीय परंपरा : कॅथलिक लिबरल आर्ट्स शिक्षणातील अध्ययन

अमेरिकेतील काही कॅथलिक महाविद्यालयांत देशाची राज्यघटना आणि तिच्यामागची विचारपरंपरा मूळ ग्रंथांतून, ग्रीक-रोमन व मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या जोडीने शिकवली जाते. काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) कामकाज किंवा निवडणुकीचे तंत्र यांना इथे दुय्यम स्थान असते. माणसाला हक्क मिळतात कुठून आणि राज्यसंस्था हवी कशाला, यावर खरा भर असतो. डॅलस विद्यापीठात ‘अमेरिकन राजकारणाची तत्त्वे’ हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात १९७१ साली सुरू झालेल्या टॉमस अक्वायनस कॉलेजात राज्यशास्त्राचा वेगळा विभागच नाही. सगळे तीच पुस्तके वाचतात आणि चर्चावर्गात त्यांवर वाद घालतात.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा. आधी ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि ऑगस्टीन, मग तेराव्या शतकातील धर्मतत्त्वज्ञ सेंट टॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’ या ग्रंथातील कायद्यावरचे प्रकरण (दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध, प्रश्न ९० ते ९७), त्यानंतर नैसर्गिक हक्कांचा पुरस्कर्ता इंग्रज तत्त्वज्ञ लॉक, १७७६ चा अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ ची घटना, तिच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ८५ पैकी निवडक लेख, अमेरिकन लोकशाहीचा फ्रेंच अभ्यासक टॉकव्हिल आणि लिंकन. लॉक गाळला की हमखास घोटाळा होतो. जाहीरनाम्यातला ‘निसर्गाचा कायदा’ म्हणजे थेट टॉमसचाच, असे विद्यार्थी धरून चालतो. उलट, फक्त लॉक वाचणाऱ्याला सगळी घटना व्यक्तीच्या हक्कांचा करार वाटते.

‘फेडरलिस्ट’ क्र. ५१ वर बराच वेळ जातो, आणि जायलाच हवा. माणसे देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, असे घटनेचा एक शिल्पकार मॅडिसन तिथे म्हणतो. सत्तेला सत्तेनेच अडवायचे, ही त्याची योजना त्यातून येते. टॉमसचे म्हणणे वेगळे (‘सुम्मा’, पहिला भाग, प्रश्न ९६, कलम ४): पाप घडले नसते तरी माणसांना सामायिक हिताकडे नेणारा कोणी लागलाच असता, कारण माणूस स्वभावतः समाजात राहणारा आहे. एकाच्या लेखी सरकार हे दोषावरचे औषध, तर दुसऱ्याच्या लेखी निरोगी समाजाचाही भाग. हा फरक पुसून दोघांची दिलजमाई करण्याचा मोह कॅथलिक वर्गात फार होतो.

इतिहासही गुळगुळीत नाही. जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथलिक, मेरिलँडचा चार्ल्स कॅरल, गुलामांचा मालक होता. त्याचे नातलग जॉन कॅरल यांनी स्थापलेल्या जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी मेरिलँडच्या जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी) १८३८ मध्ये २७२ गुलाम विकायला काढले. कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनी हेही कॅथलिकच. म्हणून गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला लिंकन इथे फक्त गौरवासाठी वाचून चालत नाही.

रोमशी असलेले नातेही ताणाचे होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९५ च्या पत्रात अमेरिकेत चर्चला मिळणाऱ्या स्वातंत्र्याचे कौतुक केले, पण चर्च व राज्य यांची फारकत हा सर्वत्र आदर्श मानायला नकार दिला. जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांनी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती (जिने सरकारला अधिकृत धर्म स्थापण्यास व धर्माचरणात आड येण्यास मनाई केली) हा धर्मसिद्धान्त नसून शांततेने नांदण्याची तजवीज आहे, अशी मांडणी केली. १९५० च्या दशकात त्यांना या विषयावरचे लेखन थांबवावे लागले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली, तिच्या मसुद्यात त्यांचाच मोठा वाटा होता. मरे यांच्या लेखनावर आलेले बंधन आणि ही घोषणा, हे दोन्ही पोटात घेतल्याशिवाय १८९५ चे पत्र समजत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ चे बर्मिंगहॅम तुरुंगातील पत्र या अभ्यासात चांगले बसते, कारण अन्यायी कायद्याबद्दल बोलताना ते ऑगस्टीन आणि टॉमस या दोघांचाही आधार घेतात. ते वाचताना ‘सुम्मा’तील कायद्यावरच्या प्रकरणातला प्रश्न ९६, कलम ४ शेजारी उघडून ठेवावा. अन्यायी कायदा सदसद्विवेकाला बांधत नाही, असे टॉमस सांगतो खरा. पण मानवी हिताला बाधक कायद्यांपुरती एक पुस्तीही जोडतो: बेबंदी माजणार असेल तर माणसाने प्रसंगी आपला हक्क सोडावा. किंग कायदा उघडपणे मोडून शिक्षा पत्करायला सांगतात. तेवढ्याने टॉमसची शंका फिटते का, यावर चर्चावर्गात एकमत होत नाही.