मानेचा झटका आणि नसेचा तपास : रेल्वेच्या काळापासूनची पार्श्वभूमी

जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिकसेन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्या माणसांवरची आपली व्याख्यानं छापली. या माणसांच्या अंगावर जखम नसायची, हाडही मोडलेलं नसायचं. तरी काही दिवसांनी मान-पाठ धरायची, हातापायांना मुंग्या यायच्या, झोप उडायची. मज्जारज्जूलाच हादरा बसतो आणि आत सूज धरते, असं एरिकसेन यांचं म्हणणं. या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव पडलं आणि ते थेट कोर्टात, भरपाईच्या दाव्यांत, जाऊन बसलं. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढलं. बहुतेकांच्या मज्जारज्जूला काही झालेलं नसतं, मनाने घेतलेला धसका असतो, असं त्यांचं मत. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन होते, हे इथं सांगितलंच पाहिजे.

पेज खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. पण मानेच्या झटक्यात नसेला इजा झाली का, हा प्रश्न पहिल्यापासून भरपाईच्या वादातच विचारला गेला आणि तपासणीच्या पद्धतीही त्याच वादात घडल्या, असं माझं मत आहे.

एरिकसेन यांच्या हाती तपासायला होतं तरी काय? हातोडीने गुडघा ठोकून पाय उडतो का हे बघायची पद्धत एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये मांडली. एक्स-रे आला १८९५ मध्ये. म्हणजे वाद पेटला तेव्हा दोन्ही साधनं नव्हती. ती आल्यावर मात्र एक सवय जडली, ती आजही सुटलेली नाही : हातोडीला आणि फिल्मवर जे दिसेल ते खरं, बाकीचं रुग्णाच्या मनातलं.

रेल्वेची जागा मोटारीने घेतली. मागून धडक बसली की मानेला चाबकासारखा झटका बसतो म्हणून हॅरोल्ड क्रो या अमेरिकन डॉक्टरने १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका व्याख्यानात ‘व्हिपलॅश’ हा शब्द वापरला. पुढे त्यांनाच तो वापरल्याचा पस्तावा झाला, कारण इजा कशी झाली हे सांगणारा शब्द लोकांनी आजाराचं नाव म्हणून लावला. १९४४ मध्ये स्परलिंग आणि स्कोव्हिल यांनी मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर हलकाच दाब द्यायची चाचणी सांगितली. कळ हातात उतरली तर मणक्यातून बाहेर पडतानाच नस दबतेय, असा संशय घ्यायचा. ही चाचणी आजही रोज होते.

मोठं वळण आलं १९९५ मध्ये. कॅनडातल्या क्वीबेक प्रांताच्या सरकारी वाहन विमा संस्थेने तज्ज्ञांचा गट नेमला होता. (इथंही विमाच.) त्या गटाने झटक्यानंतरच्या दुखण्याच्या पायऱ्या ठरवल्या. नुसतं दुखणं किंवा आखडणं ही पहिली पायरी. मान वळायची कमी झाली किंवा दाबल्यावर ठरावीक जागी दुखलं तर दुसरी. रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर उडणारा झटका) मंद, ताकद कमी किंवा स्पर्श बधिर असेल तर तिसरी, आणि हाड मोडलं वा सरकलं तर चौथी. नसेचा सहभाग तिसऱ्या पायरीपासून धरायचा. कामाला सोपी अशी ही वाटणी जगभर रुळली. पण ज्याच्या हाताची रात्री आग होते, पदर लागला तरी मान सहन करत नाही, आणि रिफ्लेक्स मात्र ठणठणीत आहेत, तो माणूस दुसऱ्याच पायरीवर राहिला. कागदोपत्री त्याच्या नसेला काही झालेलं नव्हतं.

खरं तर हातोडी आणि फिल्म एवढ्यावर नसेचा निकाल लागतो का, अशा शंका या पायऱ्या ठरण्याआधीच घेतल्या जात होत्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे फिजिओथेरपिस्ट रॉबर्ट एल्वी यांनी १९७९ मध्ये हाताच्या नसांना ताण देऊन बघायची चाचणी मांडली. ती जवळून बघण्यासारखी आहे. रुग्ण उताणा झोपतो. तपासणारा खांदा वर उचलू न देता दंड बाजूला नेतो, मनगट आणि बोटं मागे वळवतो, मग कोपर हळूहळू सरळ करतो. रुग्णाची ‘तीच’ मुंगी आली की तिथंच थांबायचं. आता हात जागचा न हलवता मान पलीकडे कलवायला सांगायची. मुंगी वाढली आणि मान परत आणल्यावर ओसरली, तर दुखणं नुसत्या स्नायूचं नसावं, कारण हाताचा स्नायू हललेलाच नाही. निरोगी माणसालाही या चाचणीत कोपरापाशी ओढ बसते. म्हणून दुसरा हात तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो. ही गोष्ट घाईत हमखास राहते.

स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९८६ मध्ये वेगळाच तर्क मांडला : मान झटक्याने मागे-पुढे होताना मणक्याच्या पोकळीत क्षणभर दाबाची लाट उठते आणि नसेच्या मुळाशी असलेल्या संवेदनपेशींच्या गाठीला ती इजा करते. पुढे डुकरांवरच्या प्रयोगांत त्या गाठींतल्या पेशींची आवरणं बिघडलेली आढळली. २००५ मध्ये ब्रिटनच्या जेन ग्रीनिंग आणि अँड्र्यू डिली यांच्या गटाने सोनोग्राफी वापरून झटक्याच्या रुग्णांमधली हाताची मीडियन नस तपासली. ती दाबाला आणि ताणाला जास्तच हळवी निघाली. नस तुटलेली नसतानाही चिडलेली असू शकते, हा विचार इथून पक्का होत गेला.

ऑस्ट्रेलियात मिशेल स्टर्लिंग यांनी याच सुमारास दाखवलं की ज्यांना थंड स्पर्शही दुखतो, त्यांचं दुखणं रेंगाळण्याचा धोका जास्त असतो. महागडं यंत्र नसेल तर मानेवर बर्फाचा तुकडा धरूनही याचा ढोबळ अंदाज येतो. आग, करंट, टोचणी यांविषयी विचारणाऱ्या प्रश्नावल्याही आल्या : २००१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सची, २००६ मध्ये जर्मनीची. २०२२ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्यांना दुसऱ्या पायरीवर बसवलं होतं, त्यांच्यातल्या काहींतही नसेला इजा झाल्याच्या खुणा असतात, असा त्याचा सूर होता.

आता आपल्याकडे बघू. पुणे रस्त्यावर मागून टेम्पो धडकलेला माणूस मानेला पट्टा लावून घरी येतो आणि काही महिन्यांनी एमआरआयचं पाकीट घेऊन फिरायला लागतो. ‘मणक्यात गॅप आहे, नस दबलीय’ हे वाक्य सोलापुरात रिक्षावाल्यालाही पाठ आहे. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ८७.६ टक्के लोकांच्या मानेच्या मणक्यांमधली चकती फुगलेली होती. फिल्म खोटी नसते, पण तिच्यातला फुगवटा अपघाताचाच आणि दुखण्याचं कारण तोच, हे एकट्या फिल्मवरून ठरत नाही. उलटही खरं आहे. करंट देऊन केलेली नसेची तपासणी जाड तंतूंचा वेग मोजते. आग आणि थंडी वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यात येतच नाहीत. त्यामुळे तिचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे नस निर्दोष सुटली, असं होत नाही.

मागावर काम करणारा कामगार असेल तर त्याला विचारायचा प्रश्न साधा आहे : तुटलेला धागा सांधता येतो का? कोणतं बोट बधिर आहे यावरून मानेतल्या नसेचं कोणतं मूळ दुखावलंय याचा अंदाज येतो : अंगठ्याची संवेदना सहाव्या मुळाची, मधल्या बोटाची सातव्या, करंगळीची आठव्या. टाचणी, कापूस, हातोडी, गार नाणं एवढ्यावर हे दहा मिनिटांत बघून होतं. गुंड्या लावताना बोटं अडखळत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर मात्र प्रश्न मज्जारज्जूचा असू शकतो, तिथं दिवस घालवू नयेत.

आणि मग दावा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अपंगत्वाची टक्केवारी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात सांगितलं की शरीराची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या सुताराचं आणि सरकारी कारकुनाचं नुकसान सारखं धरता येत नाही. तोच न्याय बधिर अंगठ्याच्या विणकराला लावायचा तर अंगठा बधिर होता हे कुठेतरी, तेही पहिल्या काही आठवड्यांत, लिहिलेलं हवं. वकील जुने केसपेपर चाळतो तेव्हा बहुतेकांवर दोनच ओळी सापडतात : मान दुखते, पट्टा दिला.